बाळकडू

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की तुळशीपाशी ठेवलेले कारीट डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचे, त्यातला थेंबभर रस जिभेला लावायचा आणि मगच फराळाच्या ताटाकडे वळायचे, ही चाल कोकणात, गोव्यात आणि देशावरच्याही पुष्कळ घरांत अजून पाळली जाते. वर्षातल्या सर्वांत गोड दिवसाचा आरंभ आपण कडवट तोंडाने करतो. पाडव्याचा कडुनिंबही त्यातलाच. मोठ्या माणसांना हे जमते, कारण कारिटाच्या मागे करंजी आहे हे त्यांना ठाऊक असते. पण ज्याला ‘मागे’ आणि ‘पुढे’ यांतला भेदच अजून उमगलेला नाही, त्या सहा-आठ महिन्यांच्या जिवाने कडू का म्हणून घ्यावे? तो ओठ घट्ट मिटतो, मान फिरवतो, आणि इतके करूनही चमचा आत गेलाच तर सगळा ऐवज जिभेने हनुवटीवर आणून ठेवतो. पाजणारीचा पदर, पाळण्यातले दुपटे आणि मांडी देणाऱ्या आजोबांचे धोतर यांच्यावर औषधाचा जेवढा अंमल होतो, तेवढा रोगावर होत नाही.

लढायांच्या सनावळ्या आपण शाळेत पाठ केल्या. परंतु घरोघर, रोज, तिन्हीसांजेच्या सुमारास होणाऱ्या या लढाईला कोणी बखरकार लाभलेला नाही. एका बाजूला घरातली चार शहाणी माणसे आणि दुसऱ्या बाजूला दात न आलेले एक तोंड. तरीही निकाल कोणत्या बाजूने लागेल याची खात्री नाही! मी या विषयाच्या मागे लागलो तो केवळ मौज म्हणून. पुढे पुढे मात्र असे दिसू लागले की, या मिटलेल्या ओठांच्या इतिहासात मौजेइतकेच दुःखही आहे, आणि त्यातून आजही शिकण्यासारखे काही आहे.

आपल्या भाषेनेच या प्रकरणाची पहिली नोंद करून ठेवली आहे. ‘बाळकडू’ हा शब्द पाहा. मूळ अर्थ साधा : बाळाला द्यायचे कडू औषध. पण मराठी माणसाने तो उचलला आणि थेट चरित्रग्रंथांत नेऊन बसवला. कोणाला देशभक्तीचे बाळकडू मिळते, कोणाला गाण्याचे, कोणाला हिशेबाचे. जे लहानपणी पोटात गेले ते जन्मभर टिकते, हा त्यामागचा विश्वास. गंमत अशी की, चरित्रनायकांनी हे बाळकडू नेहमी आनंदाने प्राशन केलेले असते. खऱ्या बाळकडवाचा तसा अनुभव कोणत्याच आईला नाही. राजकारणात आपण ज्या म्हणीचा सर्रास उपयोग करतो, ती ‘नाक दाबले की तोंड उघडते’ ही म्हणसुद्धा पाळण्याच्या आसपासच जन्मली असावी, असे मला वाटते.

जुन्या घरात या कामाचा सारा सरंजाम ठरलेला असे. सहाण, एक लहानशी वाटी आणि बोंडले. गुटीच्या पुरचुंडीत वेखंड, हळकुंड, सुंठ, जायफळ, मायफळ, हिरडा, मुरुडशेंग, अतिविष, काकडशिंगी, ज्येष्ठमध, खारीक, बदाम अशी मंडळी असत. आईच्या दुधात नाही तर उकळून गार केलेल्या पाण्यात एकेकाचे वळसे सहाणेवर द्यायचे. कशाचा एक वळसा, कशाचे दोन, हे बाळाच्या वयावर आणि त्या दिवशीच्या पोटावर ठरे. पोट गच्च असले तर मुरुडशेंगेचा वळसा वाढे. झोप नसली तर जायफळाचा, पण तोही अगदी बेताने. हे मोजमाप कोठे लिहिलेले नव्हते, ते आजीच्या मनगटात होते. मग पाय लांब करून त्यांवर बाळाला घ्यायचे, बोंडल्याची चोच ओठांच्या कोपऱ्यातून गालाशी लावायची आणि धार न लावता थेंब थेंब सोडायचा. बाळाने श्वास कोंडला की आजी तोंडावर हलकी फुंकर घाली. बाळ दचके आणि घोट गिळून टाकी. माझी आजी या कामात निष्णात होती. बाळ रडू लागले की ती बोंडले बाजूला ठेवी. “रडत्या तोंडात ओतू नये, ठसका लागतो,” एवढेच ती म्हणे. यामागचे शास्त्र तिने कधी सांगितले नाही, पण ते बिनचूक होते. रडताना श्वासाची वाट उघडी असते, आणि औषध पोटाऐवजी तिकडे जाण्याचे भय असते.

आजीच्या पाठीमागे शास्त्राची परंपरा मात्र मोठी आहे. बाळ औषध घेत नाही ही अडचण आपल्या प्राचीन वैद्यांनी केवळ ओळखलीच नाही, तर तिच्याशी मोठ्या समंजसपणे तडजोड केली. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मुलांचे तीन वर्ग केले आहेत : नुसत्या दुधावर असणारे, दूध व अन्न दोन्ही घेणारे, आणि अन्न खाणारे. पहिल्या वर्गातल्या मुलाचे औषध त्याला दूध-तुपातून तर द्यावेच, पण त्याच्या आईला किंवा दाईलाही द्यावे. दुसऱ्या वर्गात दोघांनाही द्यावे. तिसऱ्यात मुलालाच द्यावे, अशी व्यवस्था आहे. मात्राही वस्तूंच्या मापाने सांगितली आहे. महिन्यावरच्या दूधपित्या बाळाला बोटांच्या दोन पेरांत मावेल एवढी, त्याहून मोठ्याला बोराच्या बीएवढी, अन्न खाणाऱ्याला बोराएवढी. ज्या घरात तराजू नाही त्या घरातही बोर असतेच!

आणि तरीही बाळाने तोंड मिटले तर? सुश्रुताने त्यावर जी युक्ती सांगितली आहे ती वाचून मी थक्क झालो. औषधाचा कल्क आईच्या स्तनावर लेपावा आणि बाळाला तसेच पाजावे. म्हणजे जेथे बाळ आपण होऊन तोंड उघडते तेथेच औषध नेऊन ठेवावे. झटापटीचा प्रश्नच नाही.

काश्यपसंहिता हा तर सबंध ग्रंथच मुलांच्या वैद्यकाचा. तो शतकानुशतके दृष्टीआड होता. नेपाळात त्याची खंडित पोथी मिळाली, आणि नेपाळचे राजगुरू पंडित हेमराज शर्मा यांच्या प्रयत्नाने १९३८ साली आपल्या मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून तो छापून निघाला. या ग्रंथाविषयी एक कथा आहे. कश्यपाचे ज्ञान संक्षेपाने मांडणारा जीवक अवघा पाच वर्षांचा होता. पोराचे बोलणे म्हणून ऋषींनी ते मानले नाही. तेव्हा त्याने कनखल येथे गंगेत बुडी मारली आणि सुरकुतलेला, पांढऱ्या केसांचा म्हातारा होऊन वर आला. मग त्याचे शास्त्र मान्य झाले आणि त्याला वृद्धजीवक म्हणू लागले. मुलांचे वैद्यक मुलाने सांगितलेले मोठ्यांना पटत नाही, म्हाताऱ्याने सांगितले की पटते! कथेतला हा टोला आजही लागू आहे.

याच संहितेत न बोलणाऱ्या बाळाच्या वेदना कशा ओळखाव्यात याचा स्वतंत्र अध्याय आहे. बाळ हातांनी कानांना स्पर्श करते, डोके हलवते, त्याला झोप लागत नाही, तर त्याचा कान दुखतो असे समजावे. बाळाला काय चाटवावे याचाही अध्याय आहे. सोने पाण्यात उगाळून मध-तुपासह चाटवण्याचा विधी त्यातलाच. यांतल्या मधाविषयी आजचे ज्ञान वेगळे सांगते. मधात एका विशिष्ट जंतूची बीजे असू शकतात आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ती रुजून अंग लुळे पाडणारे विष तयार होते, हे १९७६ साली अमेरिकेत प्रथम ओळखले गेले. तेव्हापासून वर्षाच्या आत मध नको, असे डॉक्टर सांगतात. तसेच पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, गुटीसुद्धा नको, हाही आजचा सल्ला आहे. उघड्यावरच्या सहाणेतून आणि बोंडल्यातून जंतू पोटात जातात हे त्याचे मुख्य कारण. परंपरेतली माया घ्यावी आणि मध वर्षभर फडताळात ठेवावा, हे उत्तम.

मधाची युक्ती केवळ आपलीच नव्हे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातल्या ल्युक्रेशियस या रोमन कवीने एक दृष्टांत दिला आहे. वैद्य मुलांना कडू दवण्यासारखी वनस्पती पाजताना पेल्याच्या कडेला मध फासतात. ओठ गोडाला भुलतात आणि तेवढ्यात कडू रस पोटात जातो. मुलाला फसवले खरे, पण त्याचा घात केला नाही. कवीचा हेतू असा की, आपले रुक्ष तत्त्वज्ञान आपण काव्याचा मध लावून देत आहोत. आपले निबंधकार ज्याला ‘शर्करावगुंठित’ म्हणतात, ते हेच.

मध कामी येईना तेव्हा यंत्र आले. १८२७ च्या सुमारास लंडनच्या गिब्सन नावाच्या गृहस्थाने एक झाकणाचा चमचा काढला. त्याचा दांडा पोकळ. चमच्यात एरंडेल भरून झाकण लावायचे आणि दांड्याच्या टोकाला अंगठा दाबून धरायचा. वाऱ्याला वाट नसल्यामुळे औषध बाहेर पडत नाही. चमचा जिभेच्या मागच्या बाजूला पोहोचला की अंगठा काढायचा, की एरंडेल सरळ घशात! पदार्थविज्ञानाचा याहून निर्दय उपयोग मी तरी पाहिलेला नाही. असे चमचे आता पाश्चात्त्य संग्रहालयांत काचेमागे ठेवलेले असतात.

इतके सगळे असूनही बाळ कडू घेत नाही ते नाहीच. असे का? १९७० च्या दशकात स्टायनर नावाच्या संशोधकाने नुकत्याच जन्मलेल्या, अजून दूधही न चाखलेल्या बाळांच्या जिभेवर गोड, आंबट आणि कडू थेंब ठेवून त्यांचे चेहरे न्याहाळले. गोडाने चेहरा निवळला, ओठ चोखू लागले. कडवाने तोंड वासले, जीभ बाहेर आली, नाक आक्रसले. म्हणजे हे शिकून येत नाही, उपजतच येते. त्याचे कारणही सरळ आहे. वनस्पतींतली बहुतेक विषे कडू असतात. ज्याला बोलता येत नाही, पळता येत नाही, वास घेऊन पारखता येत नाही, त्याच्या दारावर निसर्गाने एकच पहारेकरी बसवला आहे आणि तो म्हणजे जीभ. आपण ज्याला हट्ट म्हणतो ते त्या पहारेकऱ्याचे कर्तव्य असते.

पण या पहारेकऱ्याची एक दुबळी बाजू आहे. गोडाला तो कधी अडवत नाही. आणि येथून पुढे या इतिहासाचा रंग पालटतो.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या कापडगिरण्यांच्या गावांत ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे गोड काढे खपत. बाळे ते विनातक्रार पीत आणि तासन्‌तास शांत झोपत. त्यात अफू होती. अमेरिकेत १८४९ पासून ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ निघाले. हसऱ्या आया आणि गुबगुबीत बाळे असलेल्या रंगीत जाहिरातींनी ते घरोघर पोचले. त्यात मॉर्फीन होते. १९०६ च्या कायद्याने बाटलीवर अशा द्रव्यांची नावे छापणे भाग पडले, तोवर किती बाळे त्या झोपेतून उठलीच नाहीत याची मोजदाद नाही.

हे सातासमुद्रांपलीकडचे म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या परळ-लालबागच्या चाळींतही हेच चालले होते. तिथे त्याचे नाव ‘बाळगोळी’. गिरणीत जाणारी बाई पहाटे अफूची बारीक गोळी तान्ह्याला चाटवी आणि मग कामावर जाई. बाळ दिवसभर गुंगीत पडून राही. १९२२ साली मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी कामगार बायकांच्या स्थितीची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या शंभर बाळांपैकी अठ्ठ्याण्णवांना अफू दिली जाते असे त्यांनी नमूद केले. शंभरांत अठ्ठ्याण्णव! हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. इतक्या आया निर्दय असणे शक्य नाही. मग कारण काय? रजा नाही, पाळणाघर नाही, घरी सांभाळणारे माणूस नाही, आणि एक दिवस खाडा झाला तर चूल पेटण्याची भ्रांत. बाळगोळी पाजणारा हात आईचा होता. ती गोळी तिच्या हातात ठेवली होती गिरणीच्या भोंग्याने.

म्हणूनच बाळगोळीवरचा उतारा वैद्यकात नव्हता, तो कायद्यात होता. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती विधिमंडळात बाळंतपणाच्या साहाय्याचे विधेयक मांडले, ते फेटाळले गेले. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात अशाच विधेयकाची डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाजू घेतली आणि बाळंतपणाच्या काळात आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, असे प्रतिपादन केले. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. देशातला तो या प्रकारचा पहिला. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने ठराविक संख्येहून अधिक बायका असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. बाळाच्या औषधाच्या इतिहासात या दोन कायद्यांना मी कोणत्याही चाटणापेक्षा वरचे स्थान देतो.

गोडाने केलेला घात तेवढ्यावर थांबला नाही. १९३७ साली अमेरिकेत सल्फा हे नवे गुणकारी औषध मुलांना घेता यावे म्हणून पातळ करण्याचे ठरले. ते ज्यात सहज विरघळेल असा एक गोडसर द्रव एका रसायनज्ञाला सापडला. त्याने त्याला रासबेरीचा स्वाद दिला, आणि तो द्रव मूत्रपिंडे जाळणारे विष आहे की काय, हे कोणी तपासले नाही. शंभरावर माणसे दगावली, त्यांत लहान मुले पुष्कळ. विशेष म्हणजे विषारी म्हणून ते औषध जप्त करण्याची सोय त्या वेळच्या कायद्यात नव्हती. बाटलीवर ‘एलिक्झिर’ लिहिले होते आणि एलिक्झिरमध्ये मद्यार्क हवा तो यात नाही, अशा खोट्या नावाच्या कलमाखाली ते गोळा करावे लागले. १९३८ साली नवा कायदा झाला : औषध निर्धोक आहे हे आधी सिद्ध करा, मग विका.

त्या द्रवाचे नाव डायएथिलीन ग्लायकॉल. नाव अवघड आहे, पण लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण २०२२ साली आफ्रिकेतल्या गांबियात सुमारे सत्तर बालके ज्या खोकल्याच्या औषधांनी गेली असे मानले जाते, त्यांत हेच होते, आणि ती औषधे आपल्या देशातून गेली होती. २०२५ साली मध्यप्रदेशातल्या छिंदवाड्यात वीसहून अधिक मुले दगावली, तेव्हाही बाटलीत तेच निघाले. या सर्व मुलांना औषध पाजणारे हात मायेचेच होते, आणि मुलांनीही ते फारशी कुरकुर न करता घेतले असेल, कारण ते गोड होते. ‘गुळाने मरतो त्याला विष कशाला’ ही म्हण आपण थट्टेने वापरतो. येथे ती थट्टा राहत नाही.

म्हणून गोड वाईट आणि कडू चांगले, असा सिद्धांत मात्र मी काढणार नाही. गोडाने उपकारही तेवढेच केले आहेत. १९५९ साली सोव्हिएत देशात पोलिओची सेबिनची लस चक्क गोळ्या-मिठाईच्या रूपाने मुलांना वाटली गेली. अमेरिकेत ती साखरेच्या खड्यावर थेंब घालून देत. एका गीतकाराच्या मुलाने शाळेतून येऊन ही हकिकत बापाला सांगितली आणि त्यातून १९६४ च्या ‘मेरी पॉपिन्स’ चित्रपटातले चमचाभर साखरेचे गाणे जन्माला आले. आपल्याकडे ९ डिसेंबर १९९५ रोजी पल्स पोलिओची पहिली फेरी झाली. त्यानंतर वर्षानुवर्षे बूथवर, एस्टी स्टँडवर, आगगाडीच्या फलाटावर, उसाच्या फडात, वीटभट्टीवर जाऊन कार्यकर्त्यांनी बाळांच्या तोंडात दोन थेंब टाकले आणि बोटाला शाईची खूण केली. जानेवारी २०११ मध्ये हावड्यात शेवटचा रुग्ण सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी हा भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. किती बाळांनी तोंड फिरवले असेल, किती रडली असतील! पण त्या एका थेंबामागे तपासणी होती, थंड पेटी होती, यादी होती. बाळाच्या जिभेला जे पारखता येत नाही ते पारखण्याचे काम कोणीतरी आधीच केलेले होते.

मला या सगळ्या इतिहासाचे सार असे वाटते. औषध गोड करणे म्हणजे बाळाच्या पहारेकऱ्याला झोपवणे. ते करावे लागते, पण मग पहारा आपल्याकडे येतो. बाटलीवरचे नाव व तारीख वाचणे, औषधाबरोबर आलेल्या मापानेच मोजणे (घरातला चमचा कधी तीन मिलिलिटरचा असतो, कधी सातचा), आणि दुकानदाराच्या नव्हे तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून देणे, हा तो पहारा. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत, असे २०२५ साली केंद्रीय आरोग्य खात्यानेही बजावले. पुष्कळदा बाळाचे मिटलेले ओठच बरोबर असतात!

बाकी पाजण्याची रीत आजीची तीच चांगली. आता बोंडल्याच्या जागी बिनसुईची पिचकारी आली आहे. पण ती धरायची गाल आणि हिरडी यांच्यामध्येच. बाळाला जरा उभे धरायचे, थोडे थोडे सोडायचे, नाक दाबायचे नाही आणि रडत्या तोंडात ओतायचे नाही. गंमत म्हणजे तान्ह्यांच्या इस्पितळांत आजही अशक्त बाळांना चोचीच्या वाटीने दूध पाजतात. दक्षिणेत तिला पालाडाई म्हणतात. ती आपल्या बोंडल्याची सख्खी बहीण.

यंदाच्या दिवाळीत ज्यांच्या घरी पाळणा हलत असेल, त्यांना फराळाच्या गडबडीतही हे युद्ध चुकणार नाही. सर्दी-पडसे सणवार पाहून येत नाही. बाळाने तोंड फिरवले, तुमच्या नव्या साडीवर गुलाबी डाग पडला, तर रागावू नका. औषध एकदा पुन्हा नीट वाचा, माप पाहा, आणि ते खरोखर हवेच असेल तर जवळ घेऊन, गप्पा मारत, दुसऱ्यांदा प्रयत्न करा. डाग धुतला जातो. आणि पाचव्या मिनिटाला तेच बाळ तुमच्या हातातल्या लाडवाकडे दोन्ही हात पसरून झेपावते, तेव्हा त्याच्या मनात किल्मिष नसते.